पाण्याचा नमुना

जहाजावरून बेटाकडे नेणारी छोटी बोट निम्म्या वाटेवर असताना सुदेशच्या वडिलांनी कडेवरून वाकून हात पाण्यात घातला, ओंजळभर पाणी वर घेतलं आणि नाकाजवळ नेऊन त्याचा वास घेतला. एवढंच झालं. बोटीत तीसेक माणसं होती, सगळ्यांच्या अंगात नारिंगी जाकिटं, सगळ्यांचे मोबाइल बेटाच्या दिशेला धरलेले. सुदेशची मुलगी प्राची पुढच्या टोकाला उभी राहून व्हिडिओ काढत होती, बायको दक्षता वाऱ्यानं उडणारे केस ओढणीत कोंबत होती. कुणाचं म्हाताऱ्याकडे लक्ष नव्हतं. सुदेशनं मात्र पाहिलं आणि जिन्याची एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं त्याला झालं. कारण वडिलांनी तो वास हौसेनं घेतला नव्हता. सकाळचं दूध नासलंय का ते गॅसवर ठेवण्याआधी बघावं, तसा घेतला होता. मग त्यांनी ओंजळ उपडी केली, हात पँटला पुसला आणि ते पुन्हा समोर बघत बसले. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. पाणी चांगलं निघालं की वाईट, हेसुद्धा त्यावरून कळलं नसतं. सुदेशनं मान वळवली. गेली सत्तावीस वर्षं डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या एका कंपनीत पाण्याची तपासणी करणं हे त्याचं काम होतं. आपल्या वडिलांना पाण्याचा वास घेताना आपण पाहू नये, असं त्याला का वाटावं, याचा विचार तो करू लागला आणि लगेच थांबला. असे थांबण्याचे ठिकठिकाणचे गतिरोधक त्याच्या मनात फार पूर्वीच बसवलेले होते.

ही सहल दक्षतानं ठरवली होती. ती ठाण्यातल्या एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती, तिथल्या दोघीतिघी मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजानं जाऊन आल्या होत्या आणि त्यांचे फोटो तिनं पाहिले होते. "बाबांनाही नेऊ या," ती म्हणाली होती. "आयुष्य पाण्यात गेलं त्यांचं, खरा समुद्र बघतील तरी." नामा, सुदेशचे वडील, सत्त्याहत्तर वर्षांचे. डोंबिवलीजवळच्या कोपर स्टेशनमागच्या कोळीवाड्यात त्यांचा जन्म झाला, तिथंच खाडीत त्यांनी मासेमारी केली, तिथंच तीन वर्षांपूर्वी मालू, सुदेशची आई, गेली. त्यानंतर सुदेश त्यांना ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन आला. चौदावा मजला. बाल्कनीतून खाडी दिसते, हे बिल्डरनं जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलं होतं आणि ती खरोखर दिसायचीही. नामा बाल्कनीत बसत, पण खुर्ची वळवून, खाडीकडे पाठ करून, घरातल्या भिंतीकडे तोंड करून. दक्षताला वाटायचं, त्यांना उन्हाचा त्रास होतो. सहलीला यायला ते आधी नाही म्हणाले, मग प्राचीनं गळ घातल्यावर एक शब्द न बोलता पिशवी भरून तयार झाले. जहाजावर दोन दिवस ते बहुतेक केबिनमध्येच होते. अकराव्या डेकवर पोहण्याचा तलाव आहे, नाच आहे, जादूचे प्रयोग आहेत, हे सगळं प्राचीनं त्यांना हाताला धरून दाखवलं. ते म्हणाले, "ही बोट नाय, बिल्डिंग हाय." आणि वरणभात खाऊन झोपले.

बेटाच्या धक्क्यावर बोट लागली तेव्हा पाणी इतकं स्वच्छ होतं, की बोटीची सावली तळाच्या वाळूवर वेगळी पडलेली दिसत होती. पोरीबाळी किंचाळल्या, लोक खाली वाकून बघू लागले. धक्क्यावर बेटावरची चार माणसं शहाळी घेऊन उभी होती. जहाजाच्या माणसानं हिंदीत दोनदा बजावलं, साडेतीनला शेवटची बोट, ज्याची चुकेल त्यानं इथंच राहायचं. लोक हसले. दक्षता आणि प्राचीनं काचेच्या तळाच्या बोटीत बसायचं ठरवलं होतं, त्यातून पोवळी दिसतात म्हणे. "तुम्ही येताय ना?" दक्षतानं विचारलं. "तुम्ही जा. मी बाच्या जवळ थांबतो," सुदेश म्हणाला. तिनं एकदा त्याच्याकडे, एकदा सासऱ्यांकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. "बोला जरा दोघं," ती हळूच म्हणाली. "घरी तर बोलतच नाही."

बोलत नव्हते हे खरं. भांडण झालं होतं असं नाही. जेवलास का, गोळी घेतलीस का, एवढं व्हायचं. सुदेश प्रमाण भाषेत बोलायचा, नामा आपल्या बोलीत. कल्याणच्या कॉलेजात गेल्यावर सुदेशनं ती बोली हळूहळू सोडून दिली होती, आणि आता ती आठवून बोलावी म्हटलं तरी तोंडात खोटी वाटायची. माडाच्या सावलीत दोघं बसले. वाळू पांढरी होती आणि गरम. समोर पाण्याचे रंग पट्ट्यापट्ट्यांनी बदलत गेले होते, आधी काचेसारखं, मग पोपटी, मग एकदम गडद. सुदेशला ते रंग बघवेनात. कंपनीमागच्या नाल्यातलं पाणी एकेका दिवशी असंच पोपटी असायचं, आणि त्या दिवशी कोणता माल काढलाय हे त्याला रंगावरूनच सांगता यायचं. त्यानं बुटांचे बंद सोडले, बूट काढले, मोजे त्यात खुपसले.

कोपरच्या मागं रेल्वेच्या रुळांपलीकडे कोळीवाड्याची बावीस घरं होती आणि घरांच्या मागं उतरत्या दगडी पायऱ्या. शेवटच्या तीन पायऱ्या भरतीला पाण्याखाली जायच्या. लहानपणी सुदेश चौथीवर बसून वडिलांची वाट बघायचा. नामा आणि वाड्यातलाच धाकू एका होडीतले. तीस वर्षं एका होडीतले. धाकू वल्हवायचा आणि नामा पाग टाकायचा. पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं. ते कोपरावर घड्या घालून घ्यायचं, कडेचा शिसं लावलेला दोर दातात धरायचा आणि कमरेतून वळून सोडायचं. हवेत ते उघडून पूर्ण वर्तुळ व्हायचं आणि एकदम सगळीकडून पाण्याला टेकायचं. बोय, कोलंबी, चिंबोऱ्या, कधी जिताडा. जिताडा असला की मालू तो टोपलीत वर दिसू द्यायची नाही, ओल्या फडक्याखाली ठेवायची, डोंबिवली पश्चिमेच्या ठरलेल्या गिऱ्हाइकासाठी. त्या पैशांवर सुदेश शिकला. केमिस्ट्री घेऊन बी. एस्सी. झाला, वाड्यातला पहिला. निकालाच्या दिवशी धाकूनं त्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला होता आणि दोघंही पायऱ्यांवर पडले होते. मग नोकरी. कंपनीत रंग बनवताना जे पाणी उरे, ते साफ करून मगच नाल्यात सोडायचं, असा नियम होता. साफ करायची यंत्रणा होतीही. पण जेवढं तिला झेपे, त्याच्या तिप्पट पाणी रोज तयार होई. उरलेलं तसंच जाई. पाणी साफ आहे असं लिहून त्याखाली सही करणं हे सुदेशचं काम होतं. पहिल्यांदा सही केली त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलं. नाल्याला चाळीस कंपन्यांचं पाणी मिळतं, त्यात आपला एक पाइप, असं साहेबांनी समजावलं होतं, आणि ते हिशेबाला बरोबरच होतं. नाला कुठं जातो, हे मात्र सुदेशला कुणी समजावण्याची गरज नव्हती. तो चौथ्या पायरीसमोरून जायचा.

आधी कोलंबी गेली. मग चिंबोऱ्या काळ्या निघू लागल्या, शिजवल्या की रॉकेलसारखा वास. मग दोन हजार चारच्या मार्चमध्ये एका सकाळी खाडीभर मासे पोट वर करून तरंगले. वाड्यातली माणसं टोपल्या भरभरून मेलेले मासे घेऊन एमआयडीसीत आली, कंपन्यांच्या दारोदार फिरली. सुदेशच्या कंपनीच्या फाटकापाशी आली तेव्हा तो पहिल्या मजल्यावर लॅबच्या खिडकीत होता. सगळ्यांत पुढं धाकू होता, त्यानं टोपली फाटकासमोर उपडी केली. नामा मागं होते, गर्दीच्या कडेला, हात मागं बांधून. सुदेश मागं सरला. नंतर कितीतरी दिवस तो मनाशी मोजत होता, की वडिलांनी वर पाहिलं की नाही. त्यांनी मान वर केलेली त्याला आठवत नव्हती. घरी गेल्यावर नामा रोजच्यासारखे जेवले, काही विचारलं नाही. कंपनीचं नाव सुदेशनं घरी कधी नीट सांगितलं नव्हतं, नुसतं एमआयडीसी म्हणायचा. त्यानंतर नामांनी होडीच सोडली. खाडीत उरलंच काय, असं सगळेच म्हणत होते. सुदेश मात्र ऑफिसात, लग्नाकार्यात अभिमानानं सांगायचा, "मी वडिलांना आता खाडीवर जाऊ देत नाही. खूप केलंत, म्हटलं, आराम करा."

माडाखालून वडील उठून गेल्याचं त्याला जरा उशिरानं कळलं. ते किनाऱ्यानं चालत बरेच पुढं गेले होते, जिथं एक हिरवी होडी वाळूवर ओढून ठेवली होती. होडीपाशी लुंगी गुंडाळलेला, त्यांच्याच वयाचा एक माणूस जाळं विणत बसला होता. नामा त्याच्यासमोर उकिडवे बसले. सुदेश उठला आणि हातात बूट घेऊन हळूहळू त्या दिशेनं चालू लागला. तो माणूस मल्याळमसारखं काही बोलत होता, नामा आपल्या बोलीत, आणि दोघांचं चाललं होतं. नामांनी जाळ्याचं एक घर बोटानं ताणून मोजलं, मान हलवली. त्या माणसानं हातानं माशाची लांबी दाखवली. "कुपा?" नामांनी माशाचं नाव घेऊन विचारलं. तो काहीतरी म्हणाला. नामांनी वाळूत बोटानं मासा काढला, शेपटीजवळ बारीक बारीक पाच रेघा ओढल्या. तो माणूस मोठ्यानं "हा, हा" म्हणाला आणि नामा हसले. तोंड उघडून, वरचे दोन पडलेले दात दिसतील असे हसले. सुदेश जागीच उभा राहिला. तीन वर्षं हा माणूस त्याच्या घरात होता. त्याआधीही, आई असताना, सुदेश दर रविवारी वाड्यात जायचा. या हसण्याचा आवाज कसा आहे, हे तो विसरून गेला होता. तो वीस वर्षांत आपण ऐकला नव्हता, हेही त्याला त्याच वेळी कळलं.

त्या माणसानं होडीतून पाग काढली आणि नामांच्या हातात दिली. नामांनी ती उलटसुलट करून पाहिली, शिशाच्या गोळ्या चाचपल्या. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते पाण्यात उतरले. डॉक्टरांनी जिने चढायला मना केलेला माणूस मांडीभर पाण्यात सरळ चालत गेला. घड्या कोपरावर घेतल्या, दोर दातात धरला. पहिल्यांदा पाग नीट उघडली नाही, एका बाजूला गोळा होऊन पडली. तो माणूस काठावरून काहीतरी म्हणाला, नामा त्याच्याकडे न बघताच मान हलवून पाग ओढू लागले. दुसऱ्यांदा ती उघडली. पूर्ण. पाण्याला टेकली तेव्हा जवळजवळ आवाज झाला नाही. ओढून वर काढली तेव्हा तिच्यात बोटाएवढे चंदेरी मासे उड्या मारत होते, आणि नामा त्यांच्याकडे बघत पाण्यात नुसते उभे होते. आपण आत जावं, जाळ्याचं दुसरं टोक धरावं, असं त्याला फार जोरात वाटलं. चौथ्या पायरीवर बसलेल्या पोराला वाटायचं तसं. त्यानं बूट वाळूवर ठेवले, पँट दुमडली आणि एक पाऊल टाकलं. पाणी कोमट होतं. घोट्यापर्यंत आलं.

"तू नको येवू पान्यात," नामा म्हणाले.

आवाजात राग नव्हता. ओल्या हातानं बटणाला हात लावू नको, असं मुलाला सांगावं, तसं म्हणाले. सुदेशला वाटलं, आपण बुडू म्हणून काळजीनं सांगतायत. पण तो त्यांच्याकडूनच पोहायला शिकला होता.

"का, बा?"

"नको. बरा पानी हाय ह्या."

एवढं बोलून त्यांनी पाग खांद्यावर टाकली, काठाशी येऊन मासे त्या माणसाच्या बादलीत झटकले आणि पाग त्याला परत दिली. सुदेश घोटाभर पाण्यात तसाच उभा होता. मग तो मागं सरकून बाहेर आला. त्याच्या पायाचे ठसे पाण्याखालच्या वाळूत स्पष्ट दिसत होते, आणि ते पुसले जायला फार वेळ लागत होता. कुणी खणखणीत शिवी दिली असती तर तिला उत्तर देता आलं असतं. चाळीस कंपन्या, साहेब, आईचं डायलिसिस, प्राचीची शाळा, सगळी उत्तरं तयार होती, वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलेली. पण त्याच्यावर कुणी आरोप केलाच नव्हता. फक्त त्याला बाहेर राहायला सांगितलं होतं. आणि सगळ्यांत वाईट हे, की त्याला ते पटलं होतं. आपल्या पायांना काही लागलेलं असेल, ते त्या पाण्यात उतरेल, असं क्षणभर त्याला खरोखरच वाटलं होतं.

दोघं होडीच्या सावलीत बसले. तो माणूस मासे घेऊन घराकडे गेला होता. मग सुदेशनं विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

नामा पायाची वाळू झाडत होते. "त्या दिशी तू वर काचेच्या मागं उभा व्हतास."

"तू वर बघितलंच नाहीस."

"पयले बगला. मंग नाय बगला."

नामांचं बोलणं संपलं नव्हतं. ते समोर पाण्याकडे बघत, अडखळत, मध्येच थांबत बोलत राहिले. "धाकू माज्या बाजूलाच आला. बोलला, नामा, तुजा सुदेश ह्याच कंपनीत ना? मी बोललू, नाय, तो पलीकडच्या फेजला हाय. खोटा बोललू. तीस वर्सांत धाकूशी येकदाच खोटा बोललू. दुसरे दिवशी होरीवर गेलू. तो वल्हा घेऊन बसला व्हता, माजी वाट बगत. मना पाय टाकता नाय आला आत. ताप हाय बोललू आनि घरी आलू. मंग कवाच नाय गेलू."

"मला वाटलं, खाडीत काही उरलं नाही म्हणून..."

"खारीत नाय उरला तरी होरीत बसता येतं," नामा म्हणाले.

ऑफिसात, लग्नांत सुदेशनं जे जे सांगितलं होतं, आराम करा म्हटलं, खूप केलंत म्हटलं, ते सगळं त्याला आता स्वतःच्याच आवाजात ऐकू येत होतं. त्यानं वडिलांना घरी बसवलं नव्हतं. त्यांना घरी कोंडलं होतं, त्यांच्याच एका वाक्याच्या आत, आणि ते वाक्य त्यांनी त्याच्यासाठी उच्चारलं होतं. वीस वर्षं त्यांनी त्याच्या कमाईचं खाल्लं, त्याच्या आईचं आजारपण त्याच्या पगारावर निघताना पाहिलं, आणि प्रत्येक घास कुठून येतो हे त्यांना माहीत होतं. दूर धक्क्याकडे जहाजाच्या माणसाची शिट्टी वाजू लागली.

"मी नोकरी सोडू का, बा?" त्यानं विचारलं. विचारतानाच त्याला कळलं, की हा प्रश्न वीस वर्षं उशिरा आलाय आणि तोही परवानगीसाठी.

नामांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "आता?" ते म्हणाले. "आता कोनासाठी?" आणि होडीच्या कडेचा आधार घेत ते उठले. सुदेशनं पुढं केलेला हात त्यांनी धरलाही. त्यांना चालताना आधार लागतच होता.

परतीच्या बोटीत प्राची त्यांच्या मधोमध बसली. काचेच्या बोटीतून तिनं कासव पाहिलं होतं. आणि दुरून झूम करून एक फोटोही काढला होता, तो तिनं तेवढ्यात घरच्या ग्रुपवर टाकायला घेतला, रेंज नव्हती. आजोबा पाण्यात उभे, पाग हवेत उघडलेली, आणि काठावर पप्पा, हातात बूट. "कसलं भारी आलंय ना?" ती म्हणाली. दक्षतानं फोटो पाहिला, मग सुदेशकडे पाहून हसली. बोललात ना शेवटी, असं ते हसणं होतं. "कसं वाटलं बेट, बाबा?" तिनं सासऱ्यांना विचारलं. "बरा हाय," नामा म्हणाले. फोटो दुसऱ्या दिवशी मुंबईच्या जवळ आल्यावर गेला आणि त्याला एकतीस बदाम आले.

ठाण्याला परतल्यावर सगळं होतं तसं सुरू झालं, आणि सुदेशला त्याचंच भय वाटू लागलं. वडील बाल्कनीत भिंतीकडे तोंड करून बसत. तो कामावर जाई, सही करी. आता सही करवणार नाही असं त्याला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. पण जेवताना, लिफ्टमध्ये, दाढी करताना त्याला धाकूकाका दिसू लागले, होडीत वल्हं घेऊन बसलेले. ते जाऊन अकरा वर्षं झाली होती. वाड्यातली बरीच घरं विकली गेली तेव्हा ते दिवा स्टेशनजवळ मुलाकडे राहायला गेले, एका शाळेवर वॉचमन म्हणून बसले आणि तिथंच वारले. सुदेश अंत्ययात्रेला गेला होता, नामा गेले नव्हते. धाकूकाकांची बायको मीराबाई अजून दिव्यालाच होती. दोन आठवड्यांनी एका शनिवारी दुपारी सुदेश तिच्याकडे गेला. काय बोलायचं ते त्यानं ठरवलं होतं. कुणीतरी एकानं तरी आपल्यावर ओरडावं, दार लावून घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते मागायला आता जगात एकच दार शिल्लक होतं.

इमारतीला लिफ्ट नव्हती. जिन्यात प्रत्येक मजल्यावर पाण्याचे कॅन आणि पिंपं लावलेली होती, टँकर आला नव्हता. मीराबाईनं त्याला लगेच ओळखलं. "मालूचा सुदेश," ती म्हणाली आणि खाट झटकून दिली. पाणी दिलं ते अर्धा पेला. त्यानं ते तसंच हातात धरून सगळं सांगितलं. कंपनी कोणती, आपण तिथं काय करत होतो, त्या दिवशी खिडकीत कसे होतो, आणि बा धाकूकाकांशी काय बोलला. मीराबाई ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग कधी येतो याची तो वाट बघत होता.

"आमाला म्हाईत व्हता," ती म्हणाली.

"काय?"

"ह्यांनी त्याच दिशी घरी येऊन सांगतला. नामा खोटा बोलला, बोलले. मी इचारला, मंग तुमी काय बोललाव त्याला? तर बोलले, काय बोलू, त्याचा पोर हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पन नामादादा मंग आलेच नाय. हे चार महिने एकटे जायाचे होरीवर. मासा नाय काय नाय. बसून यायाचे. मी बोलायची, कशाला जाताव, तर बोलायचे, नामा आला तर."

बाहेर कुणीतरी टँकर आला असं ओरडलं, जिन्यात पावलं वाजली, आणि मीराबाई उठून बादल्यांकडे बघू लागली. सुदेश बादल्या घेऊन खाली गेला, रांगेत उभा राहिला, दोन फेऱ्या केल्या. धाकूकाकांना माहीत होतं. त्यांनी माफ केलं होतं, त्याच दिवशी, जेवायच्या आधी. फक्त ते नामांपर्यंत पोचलं नव्हतं. हे आता बाला सांगायचं? त्यांनी वीस वर्षं जी लाज सांभाळली तिची गरजच नव्हती, कुणीतरी चार महिने रोज तुझी वाट बघत होतं, हे? चौथ्या मजल्यावर दुसरी बादली टेकवताना त्यानं ठरवलं, की हे आपण कधीही सांगायचं नाही. आता लपवायला त्याच्याकडे स्वतःचं असं काहीतरी होतं.

निघताना मीराबाई दारापर्यंत आली. "सुदेश, आमची नयन, ह्यांची नात, ती पन तुज्यासारखीच केमिस्ट्री घेऊन झालीय बघ. आठ महिने घरात बसलीय. तुज्या कंपनीत लाव ना तिला."

"काकी, तिथं नको."

"का?" तिनं विचारलं. विचारण्यात टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती. "तू नाय करत?"

तो बूट घालू लागला. "बघतो," म्हणाला.

लॅबमध्ये एक जागा डिसेंबरपासून रिकामी होती. मीराबाईकडून मोबाइलवर आलेला नयनचा बायोडाटा त्यानं पुढं पाठवला नसता तर तो तिथंच थांबला असता, हे त्याला माहीत होतं. तीन दिवस तो त्यानं मोबाइलमध्ये तसाच ठेवला. चौथ्या दिवशी मीराबाईचा फोन आला, काय झालं म्हणून. पलीकडे कुणीतरी पोरगी हळूच "आजी, नको ना मागं लागूस" असं म्हणत होती. त्यानं फोन ठेवला आणि बायोडाटा पाठवला.

नयन एक तारखेला आली. बावीस वर्षांची, सावळी, केस घट्ट बांधलेले, नवा पांढरा कोट बाह्यांना मोठा होत होता. तिनं त्याला आधी काका म्हटलं, मग आजूबाजूला बघून सर म्हटलं. सकाळच्या उन्हात तो तिला आवाराच्या मागं घेऊन गेला, भिंतीजवळ, जिथून पाणी बाहेर जातं. एक जाड काळा पाइप जमिनीतून निघून भिंतीपलीकडे नाल्यात गेला होता आणि त्याच्यातून घरघर ऐकू येत होती. त्याच्या शेजारी, साफ पाण्याच्या वेगळ्या टाकीवरून आलेला एक छोटा पितळी नळ होता.

"रोज दहा वाजता इथं यायचं. नमुना या नळाचा घ्यायचा," सुदेशनं सांगितलं.

नयननं नळाकडे पाहिलं, मग पाइपाकडे. "सर, नाल्यात जातं ते पाणी तर त्या पाइपातून ना?"

"हो."

"मग नमुना..."

"या नळाचा," तो म्हणाला.

ती क्षणभर थांबली. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, हातांकडे बघत होता. ती नाही म्हणाली असती, बाटली खाली ठेवली असती, तर काय, हा विचार त्याच्या मनात आला, आणि पुढचं काही त्याला सुचलंच नाही. मग तिनं नळ सोडला, बाटली विसळली, शिकवलेलं असतं तशी दोनदा विसळली, आणि भरली. पाणी नितळ होतं. तिनं बूच लावलं, कोटाच्या खिशातून पेन काढलं.

"सर, लेबलवर नाव कुणाचं लिहायचं? तुमचं?"

"नमुना घेणाऱ्याचं," सुदेश म्हणाला. "तुझं."

तिनं बाटली भिंतीवर टेकवून सावकाश, गोल अक्षरात आपलं पूर्ण नाव लिहिलं. लेबलावर जागा कमी पडली, म्हणून आडनाव खालच्या ओळीत गेलं.